भूलतज्ज्ञांची सेवा: आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा सविस्तर अभिप्राय

पुण्यात घरातल्या कोणाचा गुडघा बदलायचे ठरले, की सगळे नातेवाईक चौकशीला लागतात. कोणत्या सर्जनचा हात चांगला, कोणाचे पॅकेज किती, विमा कुठे कॅशलेस चालतो, वॉकर भाड्याने कुठे मिळतो, इथपर्यंत आमची चौकशी दोन महिने चालली होती. या दोन महिन्यांत भूल कोण देणार हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही आणि मलाही कोणी विचारला नाही. आईच्या शस्त्रक्रियेला आता तीन महिने झाले आहेत, नारायण पेठेतला आमचा जिना ती कठड्याला न धरता चढते, आणि त्या रुग्णालयाविषयी लिहिण्यासारखे जे काही माझ्यापाशी आहे ते बहुतेक सगळे भूलतज्ज्ञांच्या कामाविषयीचे आहे. त्यामुळे हा अभिप्राय तेवढ्यापुरताच आहे. पुढे तक्रारीही असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही. शहराच्या पश्चिम भागातले मध्यम आकाराचे खासगी रुग्णालय, एवढी ओळख पुरे.

शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी आईला भूलपूर्व तपासणीसाठी बोलावले होते. फिटनेसचा शिक्का मारून घेण्याचा तो एक सोपस्कार असेल अशा समजुतीने मी गाडी फाटकापाशीच उभी केली आणि दहा मिनिटांत येतो असे वॉचमनला सांगून वर गेलो. वर पाऊण तास लागला. चाळिशी ओलांडलेल्या डॉक्टर बाईंनी रिपोर्टांची फाईल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न आईलाच विचारला, ‘‘काकू, एक जिना चढताना मध्ये थांबावे लागते का? आणि थांबता ते गुडघा दुखतो म्हणून, की धाप लागते म्हणून?’’ गेली तीन वर्षे आईच्या लेखी शरीरात गुडघ्याखेरीज दुसरा अवयवच नव्हता, त्यामुळे ती जरा गोंधळली. प्रश्नाचे मर्म मला नंतर कळले. गुडघे दुखणारा माणूस हळूहळू चालणेच सोडून देतो, आणि चालणे सुटले की हृदय किंवा फुप्फुसे कमकुवत झाली असली तरी ती जाणवण्याची वेळच येत नाही. ही दडलेली तक्रार पहिल्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर उघडी पडू नये, एवढ्यासाठी तो प्रश्न होता.

मग आ करून जीभ बाहेर काढायला सांगितली. आईला वाटले, घसा बघत आहेत. खरे तर पडजीभ आणि टाळूचा मागचा भाग किती दिसतो हे त्या पाहत होत्या. पूर्ण भूल द्यायची वेळ आली आणि श्वासनलिकेत नळी घालावी लागली, तर ती सहज जाईल की अडेल याचा अंदाज त्यावरून बांधतात. आंध्र प्रदेशातून बोस्टनला गेलेले भूलतज्ज्ञ शेषगिरी राव मल्लमपाटी यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आज जगभरात ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हलणारा दात, कवळी, पूर्वीची शस्त्रक्रिया, घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, हे सगळे विचारून झाल्यावर त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, ‘‘घरगुती काही घेता का?’’ आईने माझ्याकडे चोरून पाहिले आणि धाकट्या जावेने दिलेले सांधेदुखीचे एक चूर्ण व रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या, अशी कबुली दिली. त्या चूर्णाचा मला तोवर पत्ताही नव्हता. ते बंद झाले. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी, आईच्या हृदयरोगतज्ज्ञांशी आमच्यासमोर फोनवर बोलून, दुसऱ्या दिवसापासून थांबवण्यात आली. पाठीत सुई दिल्यावर तिथे रक्त साकळले तर मज्जातंतूंवर दाब येऊ शकतो, म्हणून ही खबरदारी. रक्तदाबाची गोळी मात्र ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची होती.

उपाशी राहण्याबाबत त्यांनी जे सांगितले ते माझ्या ऐकिवातल्या नियमांपेक्षा वेगळे होते. वेळ सकाळी अकराची असेल तर हलके खाणे सहा तास आधीपर्यंत चालते, आणि साधे पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत, म्हणजे नऊ वाजेपर्यंत, घेता येतो. दुधाचा चहा मात्र खाण्यात धरायचा. ‘‘बिनदुधाचा चहा म्हणजे काढाच की,’’ असे आई पुटपुटली, पण पाण्याची सोय ऐकून तिला बरे वाटले. हे सगळे डॉक्टरांनी फाईलमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिले.

सेवेतली सर्वांत मोठी त्रुटी नेमकी इथेच आहे. फाईलमधली ही टीप खाटेपर्यंत पोहोचलीच नाही. रात्री बारा वाजता मजल्यावरच्या सिस्टरांनी खाटेला ‘काहीही देऊ नये’ अशी पाटी लावली, पाण्याची बाटली उचलून नेली, आणि मी फाईलचा उल्लेख केला तेव्हा ‘‘आमच्याकडे असेच असते’’ असे उत्तर मिळाले. आधीची केस लांबली आणि अकराची वेळ सव्वादोनवर गेली. एकाहत्तर वर्षांची बाई चौदा तास पाण्यावाचून राहिली. तिचे ओठ सुकले होते, डोके ठणकत होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी डॉक्टर बाईंनी तिची जीभ पाहिली, पाणी कधी प्यायलात असे विचारले, आणि उत्तर ऐकून अर्धा मिनिट गप्प राहिल्या. मग त्यांनी स्वतः सलाईन जोडले आणि मला म्हणाल्या, ‘‘मी सकाळी नऊला फोन करून विचारायला हवे होते. माझी चूक.’’ चूक त्यांची नव्हती असे मला वाटते, आणि सिस्टरांशी जास्त न भांडता वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माझा तीत वाटा होता. पण ज्या रुग्णालयात एका खोलीत लिहिलेले दुसऱ्या खोलीत वाचले जात नाही, तिथे भूलतज्ज्ञाने कितीही काळजी घेतली तरी ती अर्धीच रुग्णाच्या पदरात पडते.

पुढचा भाग आईकडून आणि नंतर डॉक्टरांकडून ऐकलेला. आईला कमरेतून भूल दिली गेली. ‘पाठीत सुई दिली की कंबर जन्माची धरते’ हे वाक्य आमच्या घरात निदान तीन आत्यांकडून येऊन गेले होते. थिएटरमधल्या मामांनी आईला टेबलावर बसवले, तिच्या हातात उशी दिली, आणि डॉक्टर म्हणाल्या, ‘‘काकू, मांजर चिडले की पाठ कशी करते? तशी करा.’’ पाठ अशी वाकवली की मणक्यांमधल्या फटी रुंदावतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. खाली मज्जातंतूंचा झुबका आणि पाण्यासारखा द्रव असतो, आणि अगदी बारीक सुईने जेमतेम तीन मिलिलिटर औषध त्यात सोडायचे असते. आईला आठवतो तो फक्त मुंगी चावल्यासारखा पहिला टोचा. थोड्या वेळाने पाय गरम झाले, जड झाले, आणि मग, तिच्याच शब्दांत, ‘‘कोणीतरी पाय उचलला तेव्हा वाटले, शेजारच्या बाईचा आहे.’’ भूल कुठवर चढली हे पाहण्यासाठी स्पिरिटचा बोळा मांडीपासून वर फिरवत गार लागते का ते विचारले जात होते; बेंबीच्या वर आल्यावर आई ‘‘लागले’’ म्हणाली.

ही पद्धत जर्मनीतील कील शहरात ऑगस्ट बीअर या सर्जनने १८९८ मध्ये सुरू केली. त्या वेळी औषध म्हणून कोकेन वापरले होते, आणि खात्री करण्यासाठी बीअर व त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी स्वतःवरच प्रयोग केला. हिल्डेब्रांट यांच्या नडगीवर हातोडा मारून पाहिला, पेटती सिगार टेकवून पाहिली, त्यांना काही कळले नाही. पण नंतर दोघांनाही जबर डोकेदुखी झाली, कारण सुईने पडलेल्या छिद्रातून द्रव झिरपत राहतो. आजची सुई इतकी बारीक असते ती याचसाठी. अशी डोकेदुखी झाली तर लपवू नका, कळवा, असे आईला घरी सोडताना बजावले होते. तिला ती झाली नाही. आत्यांच्या भविष्याप्रमाणे कंबरही धरली नाही.

अर्धी भूल असल्याने आई जागी होती. पडद्यापलीकडे ठोकाठोक चालली होती, ‘‘सुतार आलेत की काय’’ असे तिने विचारल्यावर सर्जनही हसले म्हणे. डोक्याशी स्टुलावर बसलेल्या डॉक्टर बाई तिला बोलते ठेवत होत्या आणि विषय निघाला होता गुळाच्या पोळीचा. कडेपर्यंत गूळ गेला पाहिजे, पण पोळी फुटता कामा नये, त्यासाठी बेसन किती भाजायचे हे आई सांगत होती. तीळ किती, असा प्रश्न डॉक्टरांनी विचारला आणि आई उत्तर देऊ लागताच त्या उठून उभ्या राहिल्या. आई म्हणते, त्यांची मान वळली होती, त्या कोणाशी तरी एकाच शब्दात बोलल्या, सलाईनच्या नळीत काहीतरी सोडले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पुन्हा बसल्या. ‘‘हं काकू, मग तीळ किती?’’

त्या मिनिटात काय झाले हे मी तिसऱ्या दिवशी विचारले. कृत्रिम सांधा हाडात बसवण्यासाठी जे सिमेंट वापरतात, ते भरताना काही रुग्णांचा रक्तदाब अचानक घसरतो. आईचाही घसरला, औषधाच्या एका छोट्या मात्रेने तो वर आला. सर्जनने सिमेंट मागितले की भूलतज्ज्ञाने गप्पा थांबवायच्या, असा त्यांचा शिरस्ता. पण त्या आधीही कान मॉनिटरकडेच असतो, असे त्यांनी सांगितले. बोटाला लावलेल्या चिमट्याचा टिकटिक आवाज रक्तातला प्राणवायू कमी झाला की खालच्या पट्टीत उतरतो. स्वर किंचित उतरला तरी त्यांची मान आपोआप वळते. १९७० च्या दशकात जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी ज्या तत्त्वावर हे यंत्र उभे केले, ते म्हणजे तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जाताना किती शोषले जातात याचे गुणोत्तर. करोनाच्या काळात हा चिमटा आमच्या देवघराच्या कप्प्यात जाऊन बसला. पण थिएटरमध्ये तो आकडा न पाहता नुसता ऐकणारे माणूस बसलेले असते, हे मला ठाऊक नव्हते.

त्या रात्री साडेआठला डॉक्टर बाई वॉर्डात आल्या. मास्क नव्हता, टोपी नव्हती. आईने त्यांना ओळखले नाही आणि ‘‘कोण पाहिजे?’’ असे विचारले. त्या ‘‘पाय हलतोय का काकू?’’ म्हणाल्या, तेव्हा आवाजावरून ओळख पटली. मांडीतल्या एका मज्जातंतूभोवती सोनोग्राफीच्या मदतीने दिलेले इंजेक्शन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेदना दाबून ठेवील, पण त्यानंतर दुखणे वाढायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी गोळ्या घ्या, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्टने आईला वॉकरवर उभे केले तेव्हा ती दातओठ न खाता उभी राहिली. माझ्या मते या सेवेला पाचपैकी पाच गुण द्यावेत ते इथे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर बाईंची ऑपरेशनांची यादी संपली होती आणि कँटीनमध्ये त्या एकट्याच चहा घेत होत्या. मी आभार मानायला गेलो आणि अर्धा तास बसलो. या पेशाविषयी मला जे कळले ते त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहितो. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक वर्ष, मग भूलशास्त्रात एमडीची तीन वर्षे. भूलशास्त्र घेतले असे सांगितल्यावर वडिलांचा पहिला प्रश्न होता, ‘‘म्हणजे स्वतःचा दवाखाना कधीच नाही?’’ आणि लग्नानंतर सासूबाईंचा, ‘‘ऑपरेशन ते करतात, मग तू काय करतेस?’’ रेसिडेन्सी ससूनमध्ये. पुणे स्टेशनजवळ १८६७ पासून उभ्या असलेल्या त्या रुग्णालयात अपघात, भाजलेले, अडलेल्या बाळंतिणी, विषारी औषध प्यायलेले अशा रुग्णांची रांग रात्रभर थांबत नाही. ‘‘हात तिथे बसला,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

त्यानंतरची नऊ वर्षे त्यांनी फ्रीलान्स काम केले, आणि याविषयी त्या सर्वांत जास्त बोलल्या. गाडीच्या डिकीत स्वतःची बॅग: नळ्या, त्या घालताना घसा पाहायचे लॅरिंगोस्कोप, हाताने दाबायची श्वासाची पिशवी, औषधे. सकाळी कोथरूडला हर्निया, दुपारी हडपसरला सिझेरियन, संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर अपेंडिक्स, आणि मधला सगळा वेळ सिग्नलवर. दुसऱ्याच्या यंत्रावर विश्वास ठेवता येत नाही म्हणून प्रत्येक नर्सिंग होममध्ये पोहोचल्यावर आधी ऑक्सिजनचा सिलिंडर स्वतः उघडून पाहायचा. घरही असे निवडले की तीन प्रसूतिगृहे वीस मिनिटांच्या अंतरात यावीत, कारण बाळाचे ठोके घसरले की रात्री दोनला आलेल्या फोनला ‘पोहोचतेच’ याखेरीज उत्तर नसते. पैसे सर्जनच्या हातून मिळायचे आणि कधी कधी तीन-चार महिन्यांनी. हे सगळे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. सूर बदलला तो एकाच ठिकाणी. रुग्णाला कालपासून ताप आहे, छातीत घरघर आहे, आज ऑपरेशन नको, असे म्हटले की काही सर्जन ऐकतात आणि काही पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात. ‘‘भूल देणे शिकायला तीन वर्षे लागली. नाही म्हणायला त्याहून जास्त लागली.’’ त्या दिवशी थांबवलेला रुग्ण आठवड्याने सुखरूप घरी जातो आणि त्याला त्यांचे नावही कळत नाही.

मोठ्या रुग्णालयात पगारावर आल्याचे कारणही तेच, इथे नाही म्हटल्यावर घरखर्च थांबत नाही. २०२० मध्ये मात्र त्यांना थिएटर सोडून महिनोन्‌महिने अतिदक्षता विभागात राहावे लागले, कारण करोनाच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालण्याचा आणि व्हेंटिलेटर चालवण्याचा सराव त्यांच्याइतका कोणालाच नव्हता. अतिदक्षता विभाग ही कल्पनाच मुळात भूलतज्ज्ञाची आहे, हे त्यांनी थोड्या अभिमानाने सांगितले. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमधले भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्याला पाडलेल्या छिद्रातून नळी घातली, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत रुग्णांना दिवसेंदिवस जगवले. त्यातूनच पुढे असे स्वतंत्र विभाग निघाले. २०२० मध्ये आमच्या गल्लीत टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या, तेव्हा यातले मला काही ठाऊक नव्हते.

आता उरलेल्या दोन तक्रारी. भुलेचे संमतिपत्र स्वतंत्र असते हे चांगले आहे, पण आमच्यापुढे आदल्या रात्री दहाला इंग्रजी प्रत ठेवण्यात आली आणि ‘‘इथे, इथे आणि इथे सही’’ असे सांगण्यात आले. आईने एकतीस वर्षे महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवले आहे. तिने मराठी प्रत मागितली, तेव्हा ती त्याच कपाटात खालच्या खणात निघाली. प्रत आहे तर मागावी का लागते, याचे उत्तर मिळाले नाही. दुसरी तक्रार बिलाची. सर्जनचे नाव पूर्ण पदव्यांसह छापलेले, आणि खाली ‘भूल शुल्क’ एवढाच शब्द व एक रक्कम. तपासणीला पाऊण तास देणाऱ्या, दोन तास डोक्याशी बसलेल्या आणि रात्री पुन्हा पाहायला आलेल्या डॉक्टरांचे नाव चार पानी बिलात कुठेही नाही. रक्कम मला वावगी वाटली नाही.

एकूण विचाराल तर भूलतज्ज्ञांच्या कामाला पूर्ण गुण, आणि त्यांचे म्हणणे वॉर्डापर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेला पाचपैकी दोन. कोणी तिथे किंवा अन्यत्र जाणार असेल तर भूलपूर्व तपासणी आदल्या रात्री न उरकता निदान आठवडाभर आधी मागून घ्यावी, घरातली सगळी चूर्णे व काढे आठवून सांगावेत, आणि पाणी कधीपर्यंत प्यायचे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन तो कागद स्वतःच्या खिशात ठेवावा.

आईचा दुसरा गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरला आहे. सर्जन कोण, खोली कोणती, याबद्दल तिने या वेळी काही विचारले नाही. ‘‘त्या बाई असतील का, तेवढे बघ,’’ असे मात्र दोनदा सांगितले. मी चौकशीच्या खिडकीवर गेलो. भूलतज्ज्ञांची ड्यूटी आठवड्याच्या आठवड्याला लागते, आधी सांगता येत नाही, पण विनंती लिहून द्या, असे तिथल्या मुलीने सांगितले आणि नोंदणीचा अर्ज पुढे केला. अर्जात सर्जनच्या नावाला रकाना होता, खोलीच्या प्रकाराला होता, जेवणात कांदा-लसूण चालतो का यालाही होता. भूलतज्ज्ञांसाठी नव्हता, म्हणून मी ते नाव डाव्या समासात उभे लिहिले.